जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायच्या आधी हे बघ

भावा, कार्ड शोधायच्या आधी कॅबिनेटची साईड उघड अन् पावर सप्लायवरचं स्टिकर वाच. आपल्या सांगलीत सेकंडहँड मिळतात ते बरेच पीसी ऑफिसातनं निघालेले, डेल ऑप्टिप्लेक्स वगैरे, त्यातल्या बारक्या कॅबिनेटात सप्लाय २४० वॅटच्या आसपास असतो अन् कार्डासाठी वेगळी सहा पिनची वायरच नसते, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या स्लॉटमधनं मिळतात त्या ७५ वॅटमध्येच भागवायचं. जीटीएक्स १०५० टीआय नायतर १६५० बघ, पण बिनपिनचंच, दोन्हीत पिनवाली पण येतात. बारक्या कॅबिनेटला लो प्रोफाईल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसतं, अन् सोबत ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला स्क्रूनं बसवायची छोटी पट्टी आहे का ते आधी विचार, ती नंतर सुटी शोधायला लई त्रास होतो. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला पावर देणाऱ्या वायरीला कन्व्हर्टर लावून पावर घे असं कोण म्हणालं तर अजिबात ऐकू नको, वायर वितळते. आणि दुकानात अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.