घरट्यातला थर्मामीटर

कोकणातल्या वेळासच्या हॅचरीत, म्हणजे समुद्री कासवांची अंडी सुरक्षित उबवायच्या जागेत, यंदा पहिल्यांदाच येतेयस, तर एक सवय लाव: वाळूचं तापमान रोज लिहून ठेव. ऑलिव्ह रिडली कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातली ऊब ठरवते. साधारण 30 अंशांच्या वर माद्याच जास्त निपजतात. त्याहून फार तापलं तर गर्भ आतच दगावतात. समुद्रकिनारे तापताहेत, मला खरी काळजी नरांची आहे.

म्हणून किनाऱ्यावरच्या घरट्यातून आणलेली अंडी पुरायला खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल घे, तळाशी मडक्यासारखा रुंद. उथळ खणलास तर ऊन थेट पोचतं. मार्चनंतरच्या घरट्यांवर सावलीची जाळी बांध. आणि अंडी हलवताना वरची बाजू वरच ठेव गं, गर्भ कवचाला चिकटलेला असतो. थर्मामीटर अंड्यांच्या खोलीवर पूर, वरवर नको.