कष्ट करूनही दारिद्र्य का हटत नाही?

प्रश्न : माणूस आळशी किंवा व्यसनी असला म्हणजे गरीब राहतो, असे आमच्या घरात ठामपणे म्हटले जाते. मग दिवसभर राबणारेही जन्मभर गरीब का राहतात आणि श्रीमंतांची संपत्ती मात्र वाढतच का जाते?

उत्तर : व्यसनाने घरे बुडतात, हे खरेच आहे, परंतु दारिद्र्याचे ते मुख्य कारण आहे का, हे मोजून पाहता येते. इंग्रज समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरात कामगारांच्या घरोघर पाहणी करवली. पै न् पै जपून खर्च केली तरी ज्यांचे उत्पन्न निव्वळ शरीर धड राखण्यासही पुरत नव्हते, अशा लोकांचा हिशेब त्यांनी वेगळा मांडला. तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक लोक अशा घरांतले निघाले, जिथला कर्ता माणूस नियमित कामावर जात होता, पण त्याची मजुरीच तुटपुंजी होती. मोठे कुटुंब आणि कर्त्याचा मृत्यू ही कारणे त्याखालोखाल होती, तर बेकारी फार मागे होती.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग केवळ मजुरीने सुटत नाही. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे उत्पन्नाचा ५२ टक्के, तर संपत्तीचा ७६ टक्के वाटा आहे. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे संपत्तीचे जेमतेम २ टक्के उरतात. कमाईपेक्षा मालमत्तेतील दरी एवढी मोठी का, याचे एक कारण व्याजाच्या साध्या गणितात दिसते. हाताशी शिल्लक असलेल्याने १०० रुपये वर्षाला ७ टक्क्यांनी गुंतवले, तर ते दुप्पट व्हायला सुमारे १० वर्षे लागतात. तारण ठेवण्याजोगे काहीच नसलेल्याला तेच १०० रुपये सावकाराकडून महिना ३ टक्के चक्रवाढीने घ्यावे लागले, तर ते देणे दोनच वर्षांत दुपटीवर जाते. (आळशी माणसे श्रीमंत घरांतही असतात, तिथे वाडवडिलांची इस्टेट त्यांना सांभाळून घेते, एवढाच फरक.)

हे कर्ज नेहमी उधळपट्टीसाठीच काढलेले असते, असे नाही. एखाद्या आजारपणात मजुरी बुडते, औषधांचा खर्च वाढतो, मग विकता येईल ते विकले जाते, मुलाची शाळा सुटते आणि पुढच्या पिढीच्या वाट्यालाही तीच तुटपुंजी मजुरी येते. म्हणूनच मोफत उपचार, चांगली सरकारी शाळा आणि वाजवी व्याजाचे कर्ज ज्या समाजात सहज मिळते, तिथे तोच कष्टाळू माणूस आणि तेच आजारपण असूनही घर कर्जात बुडण्याची शक्यता पुष्कळच कमी असते.