ऑपरेशनची घाई करू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाला आठ महिने झालेत, संबंधाच्या दर प्रयत्नात 'भिंतीवर आपटल्यासारखं' होऊन सगळं थांबतं, कोपरखैरण्याच्या एका डॉक्टरांनी 'जागा जन्मतः अरुंद आहे' म्हणत योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) कापायचं छोटं ऑपरेशन सुचवलंय आणि सासूबाई गोड बातमीची वाट बघतायत.

पाळी दर महिन्याला नीट येते म्हणतेस, म्हणजे वाट बंद नाही. काहींच्या योनिपटलात जन्मतः आडवी पट्टी असते किंवा भोक अगदी बारीक असतं, तेव्हा कापावं लागतं खरं. पण ते तपासल्यावर कळतं. तूच लिहितेस की दुखेल म्हणून तपासूच दिलं नाहीस. मग अरुंद आहे हे त्यांना समजलं कसं?

मी ठाण्याची, नौपाड्यातली. सोळा वर्षांपूर्वी तुझ्याच जागी होते.

योनी म्हणजे कायम उघडा असलेला पाइप, असं आपल्या डोक्यात असतं. ती असते रिकाम्या उशीच्या खोळीसारखी, दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या. एरवी लांबी साधारण ७ ते १० सेंटीमीटर. इच्छा जागी झाली की भिंतींना ओल सुटते, आतला भाग लांबतो, रुंदावतो, गर्भाशय वर सरकतं. याला वेळ द्यावा लागतो, आणि धास्तावलेल्या अंगात हे धड होत नाही.

पण तुझी भिंत त्याच्याही आधी, दाराशीच आहे. पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, तीच पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधारावर, आणि लघवीची, योनीची, शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातून जातात. डोळ्यापाशी बोट आलं की पापणी मिटते ना, तशी ही झोळी दुखण्याच्या धास्तीनं आपोआप आवळते. याला व्हजायनिस्मस म्हणतात. पापणीला 'घाबरू नकोस' सांगून ती उघडी राहते का? म्हणून 'रिलॅक्स व्हा' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. मलाही तेवढंच सांगून घरी पाठवलं होतं, वर फी घेऊन.

माझी झोळी किती आवळलेली असते, ते मला लोकलमध्ये कळलं. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही, म्हणून ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत लघवी धरायची सवय. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, दिवसातून चारदा थांबून बघा, खाली काय चाललंय. मुलुंडच्या आसपास बघितलं, तर लघवी लागलेली नसतानाही सगळं घट्ट. दातसुद्धा दातांवर. त्या सवयीमुळेच झालं असं म्हणत नाही, पण आवळून धरलंय हे कळल्याशिवाय सोडणार तरी काय?

तर आता पूर्ण संबंधाचा प्रयत्न काही आठवडे बंद, आणि हे नवऱ्याला आधीच सांगून टाक. दर दुखऱ्या प्रयत्नानं धास्ती पक्की होत जाते. बाकी जवळीक राहू दे. रोज दहा मिनिटं उताणं पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, पोट फुगवत श्वास घे. श्वास आत जाताना झोळी आपसूक खाली उतरते. पहिला आठवडाभर मला काहीच कळत नव्हतं.

मग आरसा. माझा पावडरच्या डबीतला होता. एमकॉम झालेली, दोन वर्षं संसार केलेली बाई मी, लघवीचं भोक वेगळं आणि योनी वेगळी हे तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर वंगण लावून करंगळीचं टोक, तेही श्वासाबरोबर, दुखलं की थांबून. पुढे डायलेटर, म्हणजे योनीला हळूहळू सवय करणाऱ्या चढत्या जाडीच्या गुळगुळीत नळ्या, सगळ्यात बारीक आधी. मला पाच महिने लागले. जिकडेतिकडे केगल, म्हणजे ही झोळी आवळण्याचे व्यायाम, करा सांगतात, ते तूर्त नको. आधीच आवळलेल्याला आणखी आवळून काय मिळणार!

वंगण पाण्यावर आधारित घे. खोबरेल तेलानं लेटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटू शकतो. बधिर करणारं मलम स्वतःच्या मनानं लावू नकोस.

आग, खाज, अंगावरून जास्त पांढरं जाणं असेल तर आधी त्यावर औषध. आत खोलवर दुखत असेल आणि पाळीतही जीव नकोसा होत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) काही आहे का ते बघावं लागतं. गर्भाशय मागे झुकलंय असं सोनोग्राफीत आलं तर घाबरू नकोस, साधारण पाचातल्या एकीचं तसंच असतं.

ऑपरेशनआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोध. वाशी-नेरूळकडे नाही मिळाली तर ठाण्यात ये. तपासणीआधी एवढंच विचार: 'मी थांबा म्हटलं की थांबाल ना?' मी विचारलं तेव्हा त्या डॉक्टरबाईंनी ग्लोव्ह्ज काढून ठेवले, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, आज फक्त बोलू.