साठ माणसांचं लग्न आणि वडिलांची आहेराची वही

"आम्हाला लग्न छोटंच करायचंय. पण घरी विषय काढला की वडील उठून जातात. नातेवाईक दुखावणार नाहीत आणि लग्नही छोटं राहील, असं होतं का?"

लग्न ठरलेल्या जोडप्यांकडून समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. एकही माणूस दुखावणार नाही, असं होत नाही. मात्र कोण किती दुखावेल, हे बरंचसं आपल्या हातात असतं. यादीत कोण आहे यापेक्षा यादीत नसलेल्यांना कोणी, कधी आणि कसं सांगितलं, यावर ते जास्त ठरतं. पुढच्या केसमध्ये ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी २९ वर्षांची, पुण्यात नोकरीला. माहेर कराडजवळच्या गावात. वडील एसटीतून निवृत्त झालेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा जयसिंगपूरचा, त्याचे वडील सहा वर्षांपूर्वी वारलेले. दोघांनी साठ माणसांत, पुण्याबाहेरच्या एका फार्महाऊसवर लग्न करायचं ठरवलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं लिहून टाकलं. चुलते, आत्या, मामा या सगळ्यांना आणि मुलीच्या वडिलांना ते एकाच मिनिटाला कळलं. फोनवर वडील एवढंच म्हणाले, "मग मला तरी कशाला बोलावता? मीपण पाव्हणा म्हणूनच येतो की."

अशा वेळी मुलांना वाटतं, वडिलांना थाटमाट हवाय, चारचौघांत मिरवायचंय. पैसे वाचतील हे पटवून दिलं की ते ऐकतील, असंही वाटतं. इथेही मुलीने खर्चाचा तक्ता करून नेला होता आणि त्याने वडील जास्तच दुखावले.

दुसऱ्या भेटीला वडील आले ते कापडी पिशवीत एक जुनी वही घेऊन. तीस वर्षांत कोणत्या घरच्या लग्नात, बारशात, वास्तुशांतीत कोणी किती आहेर केला आणि त्यांनी स्वतः कुठे किती केला, हे सगळं त्यात लिहिलेलं. ५१ रुपयांपासून पातळ, पितळेचा डबा, भिंतीवरचं घड्याळ इथपर्यंत. त्यांच्या डोक्यातली यादी चारशेच्या वर होती, पण ती त्यांनी हौसेने वाढवलेली नव्हती. "या घरांत मी जेवलोय. यातल्या काहींनी माझ्या बहिणीच्या लग्नात रात्रभर मांडवात राबून काम केलंय. आता आमच्या घरचं कार्य निघालं आणि मी त्यांना पानही वाढायचं नाही?"

गाठ इथे होती. मुलीच्या दृष्टीने लग्न हा तिचा दिवस होता. वडिलांच्या दृष्टीने ती तीस वर्षांची उधारी फेडायची एकमेव संधी होती. उधारी फेडायची दुसरी वाट दिसल्याशिवाय यादी लहान होत नाही, कितीही तक्ते दाखवा.

म्हणून आधी वहीच वाचायला घेतली. दोन रकाने केले: ज्यांच्याकडून आपलं येणं आहे ते आणि ज्यांचं आपल्यावर देणं आहे ते. पहिला रकाना लगेच बाजूला गेला. आपण केलेला आहेर परत मिळावा म्हणून कोणाला बोलवायचं नाही, हे वडिलांनी स्वतःहून सांगितलं. दुसऱ्यातून ज्यांची परतफेड इतर कार्यांत होऊन गेली ती घरं वगळली, वारलेल्या माणसांची नावं खोडली (खोडताना ते थांबत होते, तेवढा वेळ द्यावा लागतो). उरली ३८ घरं. चारशे माणसांचं ओझं ३८ घरांवर आल्यावर त्यांचा आवाज बदलला.

त्या ३८ घरांसाठी ठरलं ते असं. लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी, एकाही पाहुण्याला निमंत्रण जाण्यापूर्वी, आईवडिलांनी स्वतः त्या घरी जायचं. बरोबर पाव किलो पेढे. बोलायचं एवढंच: "पोरीचं लग्न ठरलंय. घरातल्या माणसांतच करतोय. दुसऱ्याकडून कळायच्या आत सांगायला आलोय. लग्नानंतर दोघांना घेऊन पाया पडायला येतो." खर्चाचं, जागेच्या अडचणीचं किंवा मुलांच्या हट्टाचं कारण पुढे करायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर तोड सुचवतो: "हॉल मी बघतो की!" हा दौरा चार रविवार चालला. लांबच्या सहा घरांना फोन केले.

भावकीचा प्रश्न वेगळा. गावात दारापुढे मांडव पडला की लग्न छोटं राहूच शकत नाही. मांडव दिसत असताना गावाला नको म्हणणं म्हणजे अपमान. त्यामुळे लग्न गावाबाहेरच करायला हवं होतं. तरी फार्महाऊसही सोडावं लागलं, कारण ८४ वर्षांच्या आजीला तीन-साडेतीन तासांचा प्रवास झेपणार नव्हता. कराडातल्या एका कार्यालयाचा ऐंशी माणसांचा लहान हॉल मिळाला. लहान हॉल ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: किमान किती ताटांचे पैसे घेणार, बाहेरचा आचारी चालतो का, आणि हॉल, जेवण व स्वच्छतागृह एकाच मजल्यावर आहे का. पहिली गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. किमान शंभर ताटांची अट असेल तर साठजण जेवूनही पैसे शंभरांचेच पडतात. गुरुजी, छायाचित्रकार, हॉल आणि सजावट यांचा खर्च माणसं कमी झाली तरी फारसा उतरत नाही. लहान लग्न स्वस्त असेलच असं धरून चालू नये.

भावकीसाठी लग्नानंतरच्या रविवारी गावी देवदर्शन आणि संध्याकाळी पाच ते सात चहापान ठेवलं. लाडू, चिवडा, चहा. मांडव नाही, जेवण नाही, आहेर नाही. वेळ आणि पदार्थ आधी बांधून घेतले नाहीत तर असं चहापान पंधरा दिवसांत दुसऱ्या लग्नाएवढं फुगतं.

आता यादी. माणूस-माणूस धरून यादी कापायला बसलं की प्रत्येक नावावर भांडण होतं. नात्याची एक रेघ मारावी आणि ती दोन्हीकडे सारखी लागू करावी. इथे रेघ ठरली ती अशी: आजी, आईवडिलांची सख्खी भावंडं जोडीने, मुलामुलीची सख्खी भावंडं कुटुंबासह, आणि दोघांची प्रत्येकी चार आपली माणसं. चुलत, मावस, आते, मामे भावंडं नाहीत. मोजून मुलीकडचे २५ झाले, मुलाकडचे २८, त्यात नवरानवरी धरून. एकूण ५३. उरलेल्या सात जागा हातच्या ठेवल्या, कारण वयस्कर माणसाबरोबर हात धरायला कोणीतरी येतंच.

या "चार आपल्या माणसां"वर खरी रस्सीखेच झाली. मुलीच्या पहिल्या यादीत ऑफिसातल्या आणि कॉलेजच्या चौदा मैत्रिणी होत्या. वडिलांच्या चुलत भावाला जागा नाही आणि कालच्या ओळखीच्या चौदाजणींना आहे, हे त्यांना लागलं होतं, पण ते बोलले नव्हते. नियमाची झळ आपल्यालाही बसली पाहिजे, हे मुलीला पटायला एक अख्खी भेट गेली. चौदाच्या चार झाल्या त्या दिवशी वडिलांनी आपल्या बाजूची सहा नावं न सांगता खोडली. यादीची बोलणी अडली असतील तर मुलांनी आधी स्वतःची नावं कमी करून पाहावीत.

मुलीची एक मावसबहीण, लहानपणापासून एका ताटात जेवलेली, रेघेबाहेर जात होती. तिला चारांत घेतलं आणि करवलीचा मान दिला. मुलीला सख्खी बहीण नाही, त्यामुळे इतर भावंडांना तिचं असणं खटकलं नाही. विधीत ज्याचं काम आहे त्याच्या येण्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही.

केळवणात फार लोक फसतात. ज्याला लग्नाला बोलावणार नाही त्याच्याकडे केळवण जेवून आलात तर ती नाराजी वर्षानुवर्षं जात नाही. या जोडप्याला अकरा घरांनी विचारलं होतं. त्यांनी फक्त निमंत्रितांपैकी चार घरी केळवण घेतलं, बाकीच्यांना "लग्नानंतर जोडीने जेवायला येतो" म्हणून सांगितलं, आणि गेलेही.

निमंत्रणात "सहकुटुंब सहपरिवार" हे शब्द सवयीने येतात आणि साठाचे शंभर होतात. इथे प्रत्येक पत्रिकेवर हाताने "आपण दोघांनी" असं लिहिलं. पत्रिका पंचवीसच छापल्या. पहिली वडिलांनी कुलदैवतापुढे ठेवली, एक जपून ठेवली. विवाह नोंदणीला बहुतेक कार्यालयांत पत्रिका मागतात आणि नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. त्यासाठी तीन साक्षीदार लागतात, ते साठांतूनच आधी ठरवून त्यांची ओळखपत्रं मागून ठेवावीत. विधी आटोपशीर करताना सप्तपदी गाळू नये. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे सप्तपदी हा ज्यांच्या रीतीचा भाग आहे त्यांचा विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो, आणि विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर तो हिंदू विवाह ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विधी नकोच असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे, पण त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुहूर्त त्या हिशोबाने धरायचा.

ताटं सत्तर सांगितली: साठ पाहुणे, आठ कामाची माणसं (गुरुजी दोन, छायाचित्रकार दोन, मेकअपवाली, तीन ड्रायव्हर) आणि दोन वरची. कामाची माणसं मोजायची राहतात आणि शेवटच्या पंगतीला भात संपतो. आचाऱ्याने मसालेभाताला पाच किलो आणि साध्या भाताला तीन किलो तांदूळ, सात किलो जिलबी, पंधरा लिटर मठ्ठा धरला होता. पुरून उरलं.

मुलाच्या आईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्या फारसं बोलत नसत. तिसऱ्या भेटीत कळलं, की लग्न लहान होतंय याचा त्यांना सगळ्यात जास्त आनंद आहे. मोठ्या लग्नात हळदीच्या वेळी विधवा म्हणून मागे उभं राहावं लागेल, ओटी भरायला दुसरीच कोणी येईल, याचा धसका त्यांनी मनात ठेवला होता. त्यांच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो त्यांना माहीत होता, पण ठराव झाला म्हणून स्वतःच्या जावा समोर असताना पुढे व्हायचं धाडस येत नाही. आधी गुरुजींशी बोलून घेतलं, मग मोठ्या जावेशी. मुलाला पहिली हळद आईने लावायची आणि सुनेची ओटीही तिनेच भरायची, हे लग्नाआधी आठ दिवस सगळ्यांना माहीत होतं. ऐनवेळी मांडवात असं काही जाहीर केलं तर कुजबुज होते आणि ती त्या बाईलाच सोसावी लागते. त्या दिवशी कुजबुज झाली नाही. मोठ्या जावेनेच हळदीची वाटी त्यांच्या हातात दिली.

लग्नाच्या दिवशी फोटो संध्याकाळी सातपर्यंत कोणी टाकायचे नाहीत, असं ठरलं होतं. त्याआधी चौघांनी मिळून वीस फोन केले: "आत्ताच कार्य पार पडलं, आशीर्वाद द्या." ज्यांना फोन आला त्यांनी फोटो पाहून शुभेच्छा दिल्या. फोटोवरूनच लग्न कळलं असतं तर तीच माणसं रुसली असती.

न बोलावता एक चुलते पाचजणांना घेऊन आले. त्यांना जेवायला बसवलं. हातच्या जागा तिथे कामी आल्या.

एक चुलत आत्या मात्र अजून रागावलेल्या आहेत. त्यांच्या घरी वडील पेढे घेऊन गेले तेव्हा दार उघडलं, पाणी दिलं, पण पेढ्याचा पुडा तसाच टेबलावर ठेवला. लग्नानंतर नवरानवरी पाया पडायला गेले, तेव्हा त्या घरी नव्हत्या. वडील आता दिवाळीला फराळ घेऊन पुन्हा जाणार आहेत.