फाशीची शिक्षा भारतात राहावी की रद्द व्हावी? तुम्हाला काय वाटतं?

माझं मत आधी "द्या फाशी, विषय संपवा" असंच होतं, खोटं कशाला बोलू. पण नाशिकची एक केस वाचली आणि डोकंच फिरलं. 2003 ची घटना, दरोडा, खून, बलात्कार, सगळं भयंकर. भटक्या जमातीतले सहा जण पकडले, 2006 ला नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, मग हायकोर्टाने तिघांची फाशी बदलून जन्मठेप केली, आणि 2009 ला सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही परत फाशीच सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा शिक्का बसला ना? मग 2019 च्या मार्चमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचार करून सहाच्या सहा जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. सोळा वर्षं गेली आत. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता म्हणे, तेही नंतर सिद्ध झालं! मधल्या काळात फाशी दिली असती तर हे 5 लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

1980 पासून "दुर्मिळातले दुर्मिळ" असा नियम आहे, म्हणजे फाशी फक्त अगदी अपवादात्मक केसमध्येच द्यायची, पण ते ठरवणारी पण माणसंच, आणि तपास करणारे पोलीसही.

पीडितांच्या घरच्यांचा राग मला शंभर टक्के समजतो, पण खरे गुन्हेगार तर या केसमध्ये मोकळेच राहिले की. त्यामुळे माझं उत्तर, मरेपर्यंत जन्मठेप द्या, फाशी नको.