जाड पुस्तक की तयार सोलो?

प्रश्न : मी सहा वर्षे टेनर सॅक्सोफोन वाजवत आहे. जॅझच्या दहा-बारा रचना पाठ आहेत, परंतु इतर वादकांबरोबर वाजवायला बसलो की त्यांनी सुचवलेली रचना बहुधा मला येत नसते. दोन पुस्तके पाहून ठेवली आहेत. एकात चारशेहून अधिक रचनांच्या केवळ धुना आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) आहेत; दुसऱ्यात पंधराच रचना आहेत, मात्र प्रत्येकीचा पूर्ण लिहिलेला सोलो (एका वादकाने एकट्याने पुढे येऊन वाजवायचा भाग) आणि साथीचे ध्वनिमुद्रण सोबत मिळते. कोणते घ्यावे?

उत्तर : आपली अडचण इतरांबरोबर वाजवतानाची आहे, म्हणून पहिले पुस्तक घ्यावे. लिहिलेला सोलो वाचून सराव होतो, वाक्ये कशी बांधावीत हेही कळते. पण पियानोवादकाने आणखी एक आवर्तन घ्यायची खूण केली की छापील सोलो संपलेला असतो आणि आपण अडकतो. धून आणि तिच्यावर कॉर्डची चिन्हे एवढेच असलेल्या पानाला लीड शीट म्हणतात, आणि बाकीचे वादकाने स्वतः रचावे हीच त्यात अपेक्षा असते.

विकत घेण्यापूर्वी मुखपृष्ठावर ‘बी फ्लॅट’ आवृत्ती असल्याची खात्री करावी. टेनर सॅक्सोफोनवर लिहिलेला ‘सी’ वाजवला की प्रत्यक्षात ‘बी फ्लॅट’ ऐकू येतो. त्यामुळे पियानोसाठीची ‘सी’ आवृत्ती हाती आली, तर प्रत्येक स्वर आणि प्रत्येक कॉर्ड मनातल्या मनात एक पूर्ण स्वर वर न्यावा लागेल. (हे कौशल्य कधीतरी कमवावेच, पण नवी रचना शिकताना नव्हे.)

‘द रियल बुक’ या सर्वांत परिचित संग्रहाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तो हस्तलिखित स्वरूपात तयार केला, रचनाकारांची परवानगी न घेता. तो हातोहात पसरला आणि त्याबरोबर त्यातल्या चुकाही पसरल्या. परवानगीसह आणि बऱ्याच दुरुस्त्यांसह तो २००४ मध्ये प्रकाशित झाला, म्हणून जुन्या छायाप्रतीपेक्षा अधिकृत आवृत्तीच घ्यावी. तरीही छापलेले कॉर्ड हे त्या रचनेचे एक रूप आहे, एवढेच समजावे. ‘ऑटम लीव्ह्ज’ कुणी ई मायनरमध्ये वाजवतात, कुणी जी मायनरमध्ये. आपल्या सोबत्यांची पट्टी कोणती, हे पुस्तक सांगणार नाही.

चारशे हा आकडा मात्र मनावर घेऊ नये. अनुक्रमणिका उघडून, सोबती ज्या रचना वारंवार सुचवतात त्यांतल्या किती त्यात आहेत ते मोजावे. निम्म्याही नसतील तर ते पुस्तक कितीही जाड असले तरी आपल्या कामाचे नाही. मग शिकण्याचा क्रम वर्णानुक्रमाने न लावता रचनेच्या घडणीनुसार लावावा. बारा बारांचा (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक छोटा खंड) एक ब्लूज, बत्तीस बारांची अ-अ-ब-अ घडणीची (पहिला भाग दोनदा, मग वेगळा भाग, मग पुन्हा पहिला) एक रचना, ब्राझिलियन लयीचा एक बोसानोव्हा, एक संथ बॅलड आणि १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सो व्हॉट’सारखी, जवळजवळ दोनच स्वरमालांच्या (स्केलच्या) आधारावर बत्तीस बार उभी राहणारी मोडल रचना, इतक्यावर पहिले काही महिने निघावेत. यांतल्या अ-अ-ब-अ घडणीत सर्वाधिक फळ ‘रिदम चेंजेस’ नावाचा कॉर्डक्रम देतो. संगीतकार जॉर्ज गेर्शविनच्या १९३० सालच्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याचा हा कॉर्डक्रम घेऊन पुढे कितीतरी नव्या धुना बांधल्या गेल्या; सॉनी रॉलिन्सची ‘ओलिओ’ त्यांपैकीच. तो क्रम बोटांत बसला की अशी प्रत्येक नवी रचना शिकताना फक्त धून नवी उरते.

कागदावर स्विंगचे, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचे, आठव्या मात्रेचे स्वर समान लांबीचे दिसतात, पण वाजवताना त्यांतला पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो, तोही गतीनुसार कमी-अधिक. ते फक्त ऐकूनच येते. म्हणून प्रत्येक रचनेची निदान दोन ध्वनिमुद्रणे ऐकावीत, पान समोर ठेवून ताडावीत, आणि कॉर्ड वेगळा ऐकू आला तर पेन्सिलीने समासात टिपावा.

दुसरे पुस्तक पुढे कधी घेतलेत, तर त्यातले साथीचे ध्वनिमुद्रण लावून आधी स्वतःचा सोलो वाजवा आणि लिहिलेला सोलो त्यानंतरच उघडा.