खोट्या नवरा-बायकोच्या नाटकावरची रोमँटिक कॉमेडी बघायची तर कुठली? आणि हा प्लॉट पुन्हा पुन्हा का चालतो?

कुठली याचं उत्तर एका ओळीत: 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४ चा, फ्रँक काप्राचा, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून लगेच पळू नका. तुम्ही हा बहुतेक हिंदीत बघितलेला पण असणार, राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' (१९५६) आणि आमिर-पूजा भट्टचा 'दिल है कि मानता नहीं' (१९९१) याच्यावरूनच आलेत.

का चालतो याचं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी एक जुनी भानगड पण येते, चहा घेऊन बसा.

आधी स्टोरी. एली ही बड्या बापाची लाडावलेली पोरगी. तिने एका हवाईबहाद्दराशी गुपचूप लग्न केलंय, बापाला ते मान्य नाही, म्हणून तो तिला मायामीला यॉटवर अडकवून ठेवतो, तर ही सरळ पाण्यात उडी मारून पळते आणि न्यूयॉर्कची बस पकडते. बसमध्ये भेटतो पीटर, नोकरी गेलेला पत्रकार, तोंडाने फटकळ. तो तिला ओळखतो आणि म्हणतो तुला पोचवतो, पण बातमी माझी. वाटेत पावसात रस्ता बंद होतो, खिशात पैसे जेमतेम, मग एका ऑटो कॅम्पमध्ये (म्हणजे गाडीवाल्यांसाठी लाकडी खोल्यांचं स्वस्त लॉज समजा) नवरा-बायको म्हणून एकच खोली घेतात. दोन पलंगांच्या मध्ये दोरी बांधून त्यावर घोंगडी टाकतात, त्या घोंगडीला तो म्हणतो जेरिकोची भिंत. बायबलातली ती भिंत शिंगं फुंकल्यावर कोसळली होती, हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता माझा जीव की प्राण असलेला सीन. सकाळी बापाने लावलेले डिटेक्टिव्ह खोलीत घुसतात. आता हे दोघं काय करतील? मला वाटलेलं गळ्यात गळे घालतील, 'डार्लिंग' वगैरे. छे! गेबल तिचे केस विस्कटतो आणि दोघं कचाकचा भांडायला लागतात. त्या नाचाच्या वेळी तो धिप्पाड स्वीडिश माणूस तुझ्याशी लगट करत होता वगैरे कुठलं तरी जुनं भांडण, जे कधी झालेलंच नाही, आणि ती भोकाड पसरते. डिटेक्टिव्ह ओशाळतात आणि कॅम्पचा मालक त्यांना सुनावतो की मी सांगितलं नव्हतं का, चांगले नवरा-बायको आहेत म्हणून!

बस, सगळी किल्ली इथे आहे. प्रेमाचं नाटक कोणालाही जमतं, त्यावर कोण विश्वास ठेवणार, पण तावातावाने फालतू गोष्टीवरून भांडणारी जोडी दिसली की समोरचा डोळे झाकून मान्य करतो की यांचं लग्न झालंय. आणि गंमत अशी की भांडण इतकं बेमालूम जमलं कारण तोवर त्यांना एकमेकांची खोडी कुठे काढायची हे कळलेलं असतं. डिटेक्टिव्ह गेल्यावर दोघं जे खूश होऊन हसतात ना, माझ्या मते प्रेमात ते तिथेच पडतात. अशा सिनेमांना स्क्रूबॉल म्हणतात, बेसबॉलमधला उलटा वळणारा चेंडू, आपल्याकडे गुगली म्हटलं असतं. हा सिनेमा आला त्याच साली, १९३४ च्या जुलैपासून, हॉलिवूडची सेन्सॉरची नियमावली कडक झाली, त्यानंतर पडद्यावर फार काही दाखवता येईना, मग अशा सिनेमांत जी काही आग होती ती सगळी भांडणात गेली.

आता मला हे इतकं का पटतं ते सांगतो.

२०११, पुणे, कोथरूडच्या बाजूला घर शोधत होतो. एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला, फॅमिली का बॅचलर? बॅचलर म्हटलं की फोन कट. शेवटी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला पटवलं की एक संध्याकाळ बायको म्हणून ये, महिनाभर मिसळ माझ्याकडून. (बरोबर केलं असं म्हणत नाहीये, पण चौदा घरं बघून झाली होती हो.) ती येताना कुठून तरी मंगळसूत्र घालून आली, नकली, पण माझ्या पोटात गोळा आला.

घरमालक काका-काकू खालीच राहायचे. काकूंनी पोहे दिले आणि सहज विचारलं, लग्नाला किती दिवस झाले? मी म्हटलं डिसेंबरात झालं आणि त्याच सेकंदाला ती म्हणाली मे मध्ये. शांतता. काकांचा चमचा हवेत. मी मनात सामान परत बांधायला घेतलं होतं, तेवढ्यात ही माझ्याकडे वळली आणि असली पेटली की विचारू नका. "बघा ना काकू, साखरपुडा डिसेंबरात होता, लग्नाची तारीख पण ह्यांच्या लक्षात नाही! ओला टॉवेल गादीवर टाकायचं मात्र रोज लक्षात असतं!" टॉवेलवरून आईवर, आईवरून दिवाळीच्या साडीवर. मी पण मग चिडून म्हटलं की साडी तूच पसंत केली होतीस. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशी रिटायर झालेला फौजी नव्या भरतीकडे बघतो. डिपॉझिट त्याच संध्याकाळी ठरलं.

खरी फजिती पुढे. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, तर अकरा महिने बायको कुठाय हे सांगायचं. कधी माहेरी, कधी परीक्षा, कधी ऑनसाइट. संक्रांतीला काकूंनी फर्मान काढलं, हळदीकुंकवाला सूनबाई पाहिजेच. आली बिचारी, काळी साडी नेसून. आणि बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. मी जिन्यात उभा राहून ऐकतोय, आतून आवाज: "हळदीकुंकवाच्या ताटात वाटी ठेवली पितळी, अमुकरावांना जाग येत नाही आठाच्या आधी सकाळी." सगळा हॉल हसला. आणि मी जिन्यात उभा राहून विचार करतोय की मी आठच्या आधी उठत नाही हे हिला कसं माहीत, मग आठवलं की रोज सकाळी ऑफिसची बस चुकू नये म्हणून फोन करून मला उठवते कोण.

नाही, पुढे तसं काही झालं नाही. मी बोललो नाही, तिने विचारलं नाही, दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, मी दोनदा जिलबी घेतली. सिनेमा मी त्याच्याही नंतर बघितला आणि त्या भांडणाच्या सीनला एकटाच सोफ्यावर उठून बसलो.

'अशी ही बनवाबनवी' कसा विसरलात असं कोणी म्हणायच्या आत: नाही विसरलो. १९८८ चा, सचिनचा, आणि मूळ हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६). तिथे घरासाठी दोन मित्रच बायका होतात, लक्ष्या आणि स्वतः सचिन, आणि अशोक सराफ-लक्ष्याची जोडी भांडते अगदी जुन्या जोडप्यासारखी. पण तिथे गाडी खोट्या नवऱ्या-बायकोत प्रेम होण्यावर जात नाही, पकडले जाण्याच्या भीतीवर चालते. हसायचं असेल तर तो बघा, पोटात काहीतरी हलायला हवं असेल तर गेबलवाला.

त्याचा शेवट सांगून टाकतो, नव्वद वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर. एलीचं ते आधीचं लग्न रद्द होतं, पीटरशी खरंखुरं लग्न होतं, दोघं पुन्हा एका ऑटो कॅम्पमध्ये येतात, दोरी, घोंगडी आणि खेळण्यातली तुतारी मागवतात. आणि मालकीणबाई नवऱ्याला म्हणते, मला नाही वाटत यांचं लग्न झालंय! तो म्हणतो अगं मी लग्नाचं लायसन्स बघितलं. खोटं असताना सगळ्यांना पटलं आणि खरं झालं तेव्हा शंका. मग आत तुतारी वाजते आणि घोंगडी खाली पडते.

काकू मागे एकदा मंडईत भेटल्या. घर सोडून बरीच वर्षं झालेली, तरी पहिला प्रश्न तोच, सूनबाई कुठाय? माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, माहेरी गेलीय. काकूंनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा भांडलात ना? जा, घेऊन ये तिला."

मी हो म्हटलं आणि त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.